सगळ्यांचा श्वास अठरा

"बाई, चूक माझीच आहे," असं म्हणत कॉम्प्युटरवालीने आपला लॅपटॉप सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. चेहरा असा उतरलेला, की हिच्याच घरचं कुणीतरी ॲडमिट आहे असं वाटावं. "प्रोग्रॅममध्ये मोठा बिघाड आहे. तीन दिवस शोधतेय, सापडतच नाहीये. हे बघा ना. तुमच्या वॉर्डातल्या सोळा दिवसांच्या नोंदी, जवळजवळ तीन हजार. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळं. आणि श्वास? मिनिटाला अठरा. सगळ्यांचा! म्हातारा असो, तरुण असो, ऑपरेशन झालेला असो नाहीतर व्हायचा असो. अठरा, अठरा, अठरा. मधूनच कुठेतरी एखादा वीस."

वॉर्डातली कुजबुज एकदम थांबली. ब्रदरला अचानक पलीकडच्या सलाइनची नळी तपासायची आठवण झाली. इंजेक्शनचा ट्रे लावणारी सिस्टर एकदा मोजलेले कापसाचे बोळे पुन्हा मोजायला लागली. आणि जी सगळ्यात नवी सिस्टर होती, तिने तर सरळ खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. खिडकीबाहेर काय होतं म्हणाल, तर पार्किंग.

कॉम्प्युटरवाली बिचारी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरगी हुशार, पण दवाखान्यातली नव्हे. आपण नेमकं कुठे बोट ठेवलंय, याची तिला काडीचीही कल्पना नव्हती.

इन्चार्ज सिस्टर, म्हणजे सगळ्यांच्या बाई, चष्मा कपाळावर सरकवून त्या आकड्यांकडे बघत होत्या. एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला सात महिने उरलेले. छातीवर पिनेने लावलेलं उलटं घड्याळ. हे घड्याळ नर्सने कशासाठी लावायचं असतं? नाडी आणि श्वास मोजायला. बाईंच्या घड्याळाचा सेकंदकाटा कधीच बिघडला होता आणि कित्येक वर्षांत त्यावाचून काही अडलं नव्हतं. आता बोला!

"बिघाड तुझ्यात नाही गं," बाई म्हणाल्या. "आमच्यात आहे. आम्ही श्वास मोजतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अठरा लिहितो आणि पुढच्या पलंगाकडे जातो. मी ड्यूटीवर लागले त्या पहिल्या दिवशी माझ्या मोठ्या सिस्टरने सांगितलं, श्वास अठरा लिही आणि चल लवकर. मी यांना सांगितलं. या पुढच्यांना सांगतील."

"बाई!" ट्रेवाली सिस्टर कळवळली. घरातली गोष्ट पाहुण्यांसमोर उघडी पडावी तसं तिला झालं.

"बाई काय बाई? खोटं आहे का?" बाई कडाडल्या. पण आवाज दुसऱ्यांवर चढला, तरी राग स्वतःवरचा होता.

खरं सांगायचं तर या नोंदी ज्यात भरल्या जात, त्या नव्या टॅबांची सगळ्यात जास्त गरज बाईंनाच होती. हॉस्पिटलने ते महिनाभराच्या बोलीवर आणले होते. प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि श्वास टॅबमध्ये भरायचा. पाच आकड्यांचा हिशेब टॅबच लावणार. आणि पेशंट घसरतोय असं दिसलं, की पडदा लाल होऊन थेट डॉक्टरांचा फोन वाजणार. मोठ्या साहेबांनी, म्हणजे सुपरिंटेंडेंटनी, बजावून ठेवलं होतं, "महिन्यात या टॅबने एक तरी पेशंट आपल्याआधी ओळखून दाखवावा. नाहीतर पेट्या परत." सोळा दिवसांत टॅब फक्त तापाच्या पेशंटांना पिवळा झाला होता, आणि त्यांना ताप आहे हे कपाळाला हात लावूनही कळत होतं. आता चौदा दिवस उरले होते.

बाईंना मात्र पेट्या परत जायला नको होत्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचं कारण गेल्या वर्षी पलंग नंबर अकरावर होतं.

अकरावर एक शिवणकाम करणारी बाई होती. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. हसरी, बोलकी, ट्रेवाल्या सिस्टरच्या एप्रनची उसवलेली शिवण तिने पलंगावर बसल्या बसल्या टाचून दिली होती. दुपारी बसलेली होती, संध्याकाळी गप्प गप्प होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. आतल्या आत जंतुसंसर्ग पसरला होता. नंतर तिची मुलगी कागद घेऊन आली. भांडायला नाही हो, भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "सिस्टर, इथे तर शेवटपर्यंत श्वास अठरा लिहिलाय. मग आई इतकी धापा टाकत होती, ते काय होतं?" त्या दिवसापासून त्या कागदाची एक झेरॉक्स बाईंच्या घरच्या कपाटात, गणवेशांच्या घडीखाली पडून होती.

"ऐक," बाई कॉम्प्युटरवालीला म्हणाल्या, "तो श्वासाचा चौकोन आहे ना, आकडा लिहायचा? तो काढून टाक."

"काढून? मग भरणार कसं?"

"भरायचंच नाही. तिथे मोठं बटण ठेव. पेशंटची छाती वर आली, की बटणावर बोट टेकवायचं. पुन्हा वर आली, पुन्हा टेकवायचं. मिनिट झालं की आकडा तुझ्या टॅबनेच काढायचा. आम्हाला अठरा लिहायची सोयच ठेवू नकोस."

पोरीचे डोळे चमकले. "उद्या दुपारपर्यंत करून देते!" म्हणाली आणि लॅपटॉप काखोटीला मारून पळालीच.

ती गेल्यावर मात्र वॉर्डात वादळ उठलं. ब्रदर सगळ्यांचा पुढारी. उंचापुरा, गोड गळ्याचा, सदा काहीतरी गुणगुणणारा आणि कामाला हात आखडता. "बाई, तीस पेशंट. प्रत्येकाच्या छातीकडे एकेक मिनिट बघत उभं राहायचं म्हणजे अर्धा तास. दिवसातून सहा वेळा. मग औषधं कोण देणार, ड्रेसिंग कोण करणार? आणि बायकांच्या पलंगापाशी मी बघत उभा राहिलो तर नातेवाईक मला कुटून काढतील!"

सगळ्या हसल्या. बाई नाही हसल्या, कारण पोरगा वेळेचं बोलला ते खरं होतं.

"बायकांचं सिस्टर बघतील," त्या म्हणाल्या. "आणि वेळ? वेळ मी देते. तू ताप घेतलास की किती ठिकाणी लिहितोस?"

"पेशंटच्या कागदावर. मग रजिस्टरात. मग राउंडच्या वहीत."

"आणि आता टॅबमध्ये. एकच आकडा चार वेळा! त्यात किती वेळ जातो?"

ब्रदरने बोटांवर हिशेब केला आणि हातातलं पेन खिशाला लावून टाकलं.

बाई उठल्या. तिन्ही नोंदींचे गठ्ठे, म्हणजे पेशंटांच्या कागदांची फाइल, रजिस्टर आणि राउंडची वही, उचलून त्यांनी लोखंडी कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. "आजपासून एकदाच लिहायचं. टॅबवर. आणि जो वेळ वाचेल तो पेशंटच्या छातीकडे बघण्यात घालवायचा."

"आणि साहेबांनी रजिस्टर मागितलं तर?" नव्या सिस्टरने घाबरत विचारलं.

"तर माझ्याकडे बोट दाखवा. नाहीतरी बोटांना आता सवय लागणारच आहे."

हे बोलायला ठीक होतं. पण या हॉस्पिटलात रजिस्टर बंद करणं म्हणजे काय, हे बाईंना नीट ठाऊक होतं. सात महिन्यांवर निवृत्ती आली असताना असली आगळीक करणारी नर्स एक तर वेडी असते, नाहीतर तिला कसली तरी टोचणी लागलेली असते.

नवं बटण आलं आणि पहिले दोन-तीन दिवस नुसता गोंधळ उडाला. सिस्टर टक लावून बघायला लागल्या की पेशंट दचकून विचारायचे, "काय झालं? काही वाईट आहे का?" एका आजोबांनी तर सिस्टर बघतेय म्हणून छाती फुगवून श्वासच रोखून धरला. मग बाईंनी जुनी युक्ती सांगितली. त्या शिकत असताना कुणीतरी सांगितलेली, इतक्या वर्षांत धूळ खात पडलेली. "मनगट धरा. पेशंटला वाटू दे नाडी बघताय. आणि नजर छातीवर ठेवा. त्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे तो आपला नेहमीसारखा श्वास घेतो."

आणि काय सांगू, त्यातून एक वेगळीच गंमत झाली. मिनिटभर हात धरून उभं राहिलं की पेशंट बोलायला लागले. एकीने सांगितलं की सकाळपासून पायाला मुंग्या येताहेत. एकाने सांगितलं की पांढरी गोळी तो उशीखाली ठेवतो, गिळत नाही. टॅबने यातलं काहीच विचारलं नव्हतं, पण टॅबमुळे कुणीतरी तिथे थांबलं होतं.

चौथ्या दिवशी कॉम्प्युटरवाली नाचतच आली. "बाई, बघा! चौदा, सतरा, बावीस, पंधरा! सगळे वेगळे!" लेकाला पहिल्यांदा चालताना बघावं तशी ती पडद्याकडे बघत होती. मग जरा घुटमळली. "फक्त एक विचित्र आहे. ब्रदरांचे पेशंट."

"त्याचं काय?"

"ते सगळे एका तालात श्वास घेतात."

तिने दाखवलं. प्रत्येक वेळी बोट कधी टेकलं याची खूण पडद्यावर उमटत होती. बाकीच्यांच्या खुणा कुठे जवळ, कुठे लांब, माणसाच्या श्वासासारख्या. ब्रदरच्या मात्र सरळ ओळीत, फूटपट्टीने आखाव्यात तशा, एकसारख्या. पलंग एकपासून दहापर्यंत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ब्रदरला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. दार लोटलं.

"काय रे, तुझे पेशंट कोरसमध्ये श्वास घेतात का?"

ब्रदरने आधी कानावर हात ठेवले. मग टॅबवरच्या खुणा बघितल्या आणि त्याचा चेहरा पडला. तो गाणं गुणगुणत बटणावर ठेका धरत होता, आणि नजर भलतीकडेच. "बाई, काय फरक पडतो? माणूस धडधाकट असला की श्वास इतकाच असतो ना?"

बाईंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्या दिवशी त्यांनी तो घरून मुद्दाम आणला होता. "वाच."

ब्रदरने वाचलं. पलंग अकरा. दुपारी चार, श्वास अठरा. संध्याकाळी आठ, श्वास अठरा. पुढेही अठराच. त्याला ती पेशंट आठवली. सगळ्यांनाच आठवत होती.

"दुपारच्या आणि संध्याकाळच्या नोंदीचं अक्षर ओळखतोस?"

बाईंचं टपोरं अक्षर वॉर्डात कोण ओळखणार नाही? "तुमचं," तो हळूच म्हणाला.

"माझं. मी तिच्या पलंगापाशी उभी होते. तिच्याशी बोलले. ती दोन शब्द बोलून थांबत होती, ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं, आणि हात मात्र अठरा लिहीत होता. एक मिनिट मोजलं असतं ना, तर संध्याकाळीच डॉक्टरांना ओढत आणलं असतं मी." बाईंचा आवाज फुटला. त्यांनी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही. "तिची मुलगी मला सिस्टर सिस्टर करत होती रे. मला अजूनही तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नाही. तू असला कागद खिशात घेऊन म्हातारा होऊ नकोस, एवढंच सांगायचंय."

ब्रदरने कागद परत दिला. बाहेर जाताना तो गुणगुणला नाही.

सगळं सुरळीत लागतंय असं वाटायला लागलं आणि नेमके मोठे साहेब राउंडला आले. महिना संपायला तीन दिवस होते. साहेब सवयीने म्हणाले, "रजिस्टर द्या." कुणीच हललं नाही. नव्या सिस्टरने शब्द पाळला आणि बाईंकडे बोट दाखवलं.

"कपाटात आहे साहेब. दहा दिवस लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "कुणाच्या परवानगीने?"

"माझ्या."

"उद्या काही झालं तर मी कोर्टात काय दाखवू, हे खेळणं?" साहेब पेशंटांसमोर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "सोमवारी सकाळी दहा दिवसांची रजिस्टरं भरलेली हवीत मला. आणि हे टॅब बांधून ठेवा. महिनाभरात एकदाही कामाचं वाजलेलं नाही."

साहेब गेले. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या कॉम्प्युटरवालीचं तोंड रडवेलं झालं. बाई खुर्चीत बसल्या. दहा दिवसांची रजिस्टरं बसून भरायची म्हणजे काय भरायचं? अठराच की! पुन्हा त्याच अक्षरात. "सोमवारपर्यंत टॅब आपलेच आहेत," त्या उठत म्हणाल्या. "चारचा राउंड सुरू करा."

तो शुक्रवार होता आणि पलंग नंबर सातवर ड्रायव्हरकाका होते.

काका म्हणजे वॉर्डाची करमणूक. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस. आतड्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. पलंगाची वर-खाली होणारी कळ त्यांनी हातात घेतली की "चला, पुढे सरका, मागे जागा आहे" असं ओरडायचे. काकू शेजारच्या स्टुलावर बसून "अहो, गप बसा, टाके तुटतील" करायच्या. सकाळी डॉक्टर बघून गेले होते, उद्यापासून पातळ खायला द्या म्हणाले होते.

ब्रदर टॅब घेऊन सातपाशी आला. ताप, किंचित. नाडी जराशी जास्त. बीपी उत्तम. ऑक्सिजन उत्तम.

"काय रे बाळा, गाडी पासिंगला पाठवायची का?" काका हसत म्हणाले.

"पाठवू की काका, आधी टायरची हवा तर बघू द्या," असं म्हणून ब्रदरने त्यांचं मनगट धरलं आणि नजर छातीवर ठेवली. बोट टेकायला लागलं. मिनिट झालं. टॅबने आकडा दाखवला, सत्तावीस.

ब्रदरला वाटलं आपलंच चुकलं. त्याने पुन्हा मोजलं. ओठ घट्ट मिटून, एकही सूर न काढता. अठ्ठावीस.

काका अजून हसतच होते. पण आता ब्रदरला दिसलं, की विनोद सांगताना ते मध्येच थांबतात. दोन शब्द, थांबा. दोन शब्द, थांबा. पडदा लालभडक झाला, आणि टेबलामागे बाईंचा फोन आणि खाली ऑपरेशन थिएटरच्या दारात सर्जनचा फोन एकाच वेळी वाजला.

सर्जननी फोनवर आवाज चढवला. "सकाळी बघितलंय मी त्यांना! बीपी छान आहे, ऑक्सिजन छान आहे. दुखत असेल, नाहीतर घाबरले असतील. गोळी द्या, मी संध्याकाळी येतो."

एरवी इथेच विषय संपला असता. सर्जन म्हणाले गोळी, की गोळी. पण बाईंनी फोन तसाच कानाशी धरला. "डॉक्टर, श्वास अठ्ठावीस आहे. दोनदा मोजलाय."

"सिस्टर, श्वास कोण मोजतं हो?" सर्जन म्हणाले. दवाखान्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

"आम्ही मोजतो," बाई म्हणाल्या. "गेले दहा दिवस. आणि पडद्यावर घड्याळ सुरू झालंय. पंधरा मिनिटांत तुम्ही आला नाहीत तर पुढचा फोन मोठ्या साहेबांना जाणार. तुम्ही याच."

सर्जन आले. पायऱ्या आपटत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. काकांनी त्यांनाही सलाम ठोकला. सर्जननी पांघरूण बाजूला केलं, पोटावर हात ठेवला, जरा दाबला. काकांचं हसू एकदम मावळलं. सर्जननी दुसऱ्या बाजूने दाबलं आणि त्यांचं पुटपुटणं थांबलं. वॉर्डातल्या प्रत्येकाला तो क्षण दिसला. मान वर न करता ते म्हणाले, "स्कॅनला न्या. आत्ता. आणि थिएटर रिकामं ठेवायला सांगा."

आतड्याला घातलेला टाका आत सुटला होता. घाण पोटात झिरपायला लागली होती. दुखण्याच्या औषधांनी दुखणं दाबून ठेवलं होतं आणि काकांच्या विनोदांनी उरलंसुरलं झाकलं होतं. फक्त श्वास तेवढा खरं सांगत होता. दीड तासात काका टेबलावर होते.

बाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांचा हात धरून ब्रदर बसला होता. ड्यूटी संपून गेली होती, तरी हलला नाही. बाई दाराशी उभ्या होत्या. पलंग अकराची ती सकाळ त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती, आणि त्या मनातल्या मनात एकच म्हणत होत्या, या वेळी नाही, या वेळी नाही.

सर्जन बाहेर आले तेव्हा टोपी हातात होती. ते आधी काकूंना म्हणाले, "वाचले. दोन-तीन दिवस जपावं लागेल, पण वाचले." काकूंचा जीव भांड्यात पडला आणि त्या तिथेच हुंदके देऊन रडायला लागल्या. मग सर्जन बाईंकडे वळले. "मी संध्याकाळी आलो असतो ना सिस्टर, तर फार उशीर झाला असता. पाहिलं कुणी आधी?"

"याने," बाई म्हणाल्या आणि ब्रदरच्या खांद्यावर हात ठेवला. तो उंचापुरा गडी लहान पोरासारखा डोळे पुसायला लागला.

सोमवारी सकाळी मोठे साहेब आले. टॅब बांधलेले नव्हते. रजिस्टर भरलेलं नव्हतं. बाई टेबलाशी उभ्या होत्या, समोर कपाटाची किल्ली आणि शेजारी घडी केलेला तो कागद. काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"साहेब, सात नंबरचं तुम्हाला कळलं असेल. आता हेही बघा. हा गेल्या वर्षीचा पलंग अकराचा कागद. श्वास अठरा लिहिलाय, तो मी लिहिलाय. न मोजता. रजिस्टरातले जे कागद तुम्ही कोर्टात दाखवणार आहात ना, ते असे आहेत. मला शिक्षा करायची तर करा. पण ते रजिस्टर मी भरणार नाही."

साहेबांनी कागद घेतला. खुर्ची ओढून बसले. दोनदा वाचला. आपली इन्चार्ज आता गेली, असं ट्रेवाल्या सिस्टरला वाटलं. आणि साहेब म्हणाले, "मी शिकाऊ डॉक्टर होतो, तेव्हा वीस लिहायचो. आमच्या वॉर्डात वीस चालायचं."

कुणाला हसावं की रडावं कळेना. ब्रदरच्या तोंडून फसकन हसू निसटलं, आणि मग सगळा वॉर्ड हसला, साहेबसुद्धा.

साहेबांनी किल्ली उचलली आणि बाईंच्या हातात परत दिली. "ही तुमच्याचकडे ठेवा. आणि निवृत्त व्हायच्या आधी बाकीच्या सहा वॉर्डांत हे शिकवायचं. मनगट कसं धरायचं, तेसुद्धा. टॅब राहतील." मग कागदाकडे बघून हलकेच म्हणाले, "यांच्या मुलीचा पत्ता आपल्याकडे असेल ना? मी येतो तुमच्याबरोबर. खरं सांगून येऊ."

दोघं गेले. तिथे काय बोलणं झालं ते बाईंनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की पोरगी खूप रडली, खूप बोलली, त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि निघताना तिने विचारलं, "आता सगळ्यांचा मोजता ना?" बाई हो म्हणाल्या, आणि ते हो खरं होतं.

बावीस दिवसांनी ड्रायव्हरकाका घरी निघाले. वजन उतरलेलं, पण बोलणं तेच. काकूंनी पिशव्या भरल्या होत्या. सर्जन आले होते, कॉम्प्युटरवाली आली होती, अगदी पार्किंगचा वॉचमनही डोकावून गेला.

"सिस्टर, एकदा शेवटचं मोजा की," काका पलंगाच्या कडेला बसत म्हणाले. "ज्याच्यावरून एवढं रामायण झालं, तो माझा श्वास आता किती आहे ते कळू द्या मला."

बाईंनी टॅब घेतला. काकांचं मनगट धरलं. "बोलू नका," म्हणाल्या, आणि सगळा वॉर्डच गप्प झाला. बाईंची नजर छातीवर, बोट बटणावर. छाती वर, बोट खाली. मिनिट झालं. बाईंनी पडद्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या.

"किती?" ब्रदरने मान लांब करून विचारलं.

बाईंनी टॅब त्याच्यासमोर धरला.

"अठरा!" ब्रदर ओरडला. "बाई, कोण विश्वास ठेवणार यावर?"

वॉर्डभर हास्याचा कल्लोळ उठला. कॉम्प्युटरवालीने टाळ्याच पिटल्या. काका गोंधळून विचारत होते, "का? वाईट आहे का? अठरा वाईट असतात का?"

"नाही हो काका," बाई हसत म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी टॅब बाजूला ठेवला. छातीवरचं घड्याळ उलटं करून हातात घेतलं. त्याचा सेकंदकाटा त्यांनी मागच्याच आठवड्यात दुरुस्त करून आणला होता. पुन्हा काकांचं मनगट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून, ओठ हलवत, एक एक श्वास मोजला.

अठराच होते.